बिलिंग सॉफ्टवेअरला ई-इन्व्हॉइस जोडताना: सोलापुरातल्या नव्या डेव्हलपरांसाठी

१ ऑक्टोबर २०२० ला जीएसटीतलं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सुरू झालं, तेव्हा ते वर्षाला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपुरतं होतं. मग मर्यादा खाली येत गेली. १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला ५० कोटी, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. ५ कोटी म्हणजे महिन्याला साधारण ४२ लाखांची विक्री. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार, चाटी गल्लीतला घाऊक कापडवाला, युनिफॉर्म शिवून परराज्यात पाठवणारा, यांच्यापैकी कुणीही या रेषेच्या वर असू शकतो. आणि यातल्या अनेकांचं बिलिंग गावातल्याच कुणीतरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं.

ते सॉफ्टवेअर आता तुमच्या हातात आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सरकारी पोर्टलशी बोलणारा कोड फारसा मोठा नसतो. वेळ खातात त्या दोन गोष्टी: पार्टी (खरेदीदार) आणि मालाची मास्टर माहिती, म्हणजे एकदाच भरून ठेवलेली कायमची माहिती, दुरुस्त करणं, आणि मध्येच नेट गेलं तर त्या बिलाचं काय करायचं हे ठरवणं. म्हणून लेखातही जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

नेमकं घडतं काय

बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं, तुमच्याच नंबरने. ते सरकारने ठरवलेल्या आयएनव्ही-०१ या आराखड्यात, जेसॉन स्वरूपात, इन्व्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलकडे, म्हणजे आयआरपीकडे जातं. पोर्टल माहिती तपासतं, ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) देतं, बिलावर डिजिटल सही करतं आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठवतं. तो कोड छापून बिल पार्टीला द्यायचं. नोंदलेली माहिती पुढे आपोआप जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जाते.

आयआरएन हा चार गोष्टींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्यांवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, असतो: विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर. रक्कम त्यात नाही, पार्टीही नाही. म्हणजे एकाच वर्षात, एकाच नंबरने, त्याच प्रकारचा दुसरा दस्तऐवज नोंदवताच येत नाही. पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे आहे, तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा.

कायद्याची बाजूही माहीत हवी. जीएसटीच्या नियम ४८(५) प्रमाणे, ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने त्याशिवाय दिलेलं बिल हे बिलच मानलं जात नाही. त्याचा फटका पार्टीच्या इनपुट क्रेडिटला, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीला, बसू शकतो. हैदराबादचा व्यापारी एकदा क्रेडिट अडकलं म्हणून चिडला की पुढची ऑर्डर जाते. मालक आपल्याकडे कोड मागत नाही, तो ही ऑर्डर सांभाळायला सांगत असतो.

पहिली पायरी: कुणाला लागू, कशाला लागू

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फर्मसाठी ई-इन्व्हॉइस चालू-बंद करण्याची सोय ठेवा आणि ते कोणत्या तारखेपासून चालू झालं तेही साठवा. उलाढाल मोजायची ती पूर्ण पॅनची, देशभरातल्या सगळ्या नोंदण्या धरून. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका मागील वर्षात मर्यादा ओलांडली असेल तरी नियम लागू होतो. ‘यंदा धंदा कमी झाला, आता लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर बंद करण्याआधी त्यांच्या सीएंकडून लेखी घ्या. हा निर्णय प्रोग्रॅमरचा नाही.

लागतं ते नोंदणीकृत खरेदीदाराला दिलेल्या बिलाला, निर्यातीला, आणि त्यांच्यासाठीच्या क्रेडिट व डेबिट नोटांना. दुकानात येऊन दोन चादरी घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलाला लागत नाही. कारखान्यातून यंत्रमागावर जॉबवर्कला सूत पाठवताना डिलिव्हरी चलन निघतं, त्यालाही नाही. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी, सेझमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) युनिटं अशा काहींना विक्रेता म्हणून सूट आहे. सेझ युनिटला माल विकणाऱ्याला मात्र ती सूट नाही.

दुसरी पायरी: मास्टर साफ करा

कोडची एक ओळ लिहिण्याआधी ग्राहकाचा डेटा उघडा. वर्षानुवर्षं चाललेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘श्रीनिवास टे.’ अशा पार्ट्या सापडतील. पत्त्याच्या जागी फक्त ‘विजापूर’, पिनकोडच्या जागी शून्यं. कागदी बिलावर हे सगळं खपून जात होतं.

पार्टी मास्टरला लागतं ते असं: जीएसटी नोंदणीत आहे तसंच कायदेशीर नाव, पत्ता (एका ओळीत १०० अक्षरांपर्यंत), गाव, सहा आकडी पिनकोड आणि राज्याचा कोड. महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९, तेलंगणाचा ३६. सोलापूरच्या व्यापाराला हे तिन्ही रोज लागतात. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे हाच राज्य कोड असतो, पुढची दहा अक्षरं पॅन असतात आणि पंधरावं अक्षर पडताळणीचं असतं. त्यामुळे टायपिंगची बहुतेक चूक नेट नसतानाही पकडता येते. हा तपास पार्टी भरतानाच लावा. बिल करताना लावलात, तर दारात गाडी उभी असताना दिवाणजी अडकून बसेल.

पिनकोड आणि राज्य जुळतात का हे पोर्टल तपासतं. सीमेवरच्या गावांत इथे गडबड होते, कारण व्यापारी राहतो एका राज्यात आणि नोंदणी असते दुसऱ्या राज्यात. अशा वेळी नोंदणीचा पत्ता घ्या, माल पोहोचवण्याचा पत्ता वेगळा साठवा.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत भरलेली असतात. स्क्रीनवर ती देवनागरी दिसतात, आत मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. ती पोर्टलला पाठवू नका. मराठी नाव छपाईसाठी राहू द्या आणि नोंदणीतलं नाव वेगळ्या रकान्यात घ्या.

आता माल. ५ कोटींच्या वर एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, सहा आकडी लागतो. सुती टेरी टॉवेलचा ६३०२६०. चादरीचा कोणता, हे वीण आणि वापर पाहून ठरतं. ते सीएंकडून ठरवून घ्या, अंदाजाने भरू नका. मोजमापाची एककंही ठरलेल्या यादीतूनच घ्यावी लागतात: नग, डझन, किलो, मीटर, गाठ यांना प्रत्येकी तीन अक्षरी कोड आहे. टॉवेल डझनावर विकला जातो, काही पार्ट्यांना किलोवर. म्हणून एककाचा कोड मालाला कायमचा चिकटवू नका, बिलाच्या ओळीवर बदलता येऊ द्या.

कराचा दर तर कधीच कोडमध्ये लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चादर-टॉवेलसारख्या तयार कापडी मालाला नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के लागतो. त्याआधी हजार रुपयांची पायरी होती आणि वरचा दर १२ टक्के होता. म्हणजे दर मालावर आहे, किमतीवर आहे आणि तारखेवरही आहे. दराच्या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कोणत्या किमतीपर्यंत’ हे दोन रकाने हवेतच. जुन्या बिलाचा माल बदलानंतर परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने निघते. तो दर मास्टरमधून उचलू नका, मूळ बिलातून उचला.

तिसरी पायरी: बिलाचा हिशेब

बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. त्यात अक्षरं, आकडे, तिरकी रेघ आणि आडवी रेघ चालते, पण सुरुवात शून्याने किंवा रेघेने चालत नाही. १ जून २०२५ पासून पोर्टल लहान-मोठ्या लिपीतला फरक मानत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरं सुरुवातीपासून मोठ्या लिपीतच ठेवा.

सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा कर) लावायचा की आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहाराचा), हे विक्रेत्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण यावरून ठरतं. नुसतं माल कुठे उतरला ते पाहून ठरवू नका. समजा, हैदराबादच्या व्यापाऱ्याने सोलापुरातून टॉवेल घेतले आणि ते थेट लातूरच्या त्याच्या गिऱ्हाइकाकडे पाठवायला सांगितले. माल महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही. तरी बिल हैदराबादच्या नावाने आहे, पुरवठ्याचं ठिकाण तेलंगण धरलं जातं आणि कर आयजीएसटी लागतो. ‘बिल कुणाला’ आणि ‘माल कुठे’ हे दोन पत्ते सॉफ्टवेअरमध्ये वेगळे नसतील, तर हा व्यवहार बरोबर नोंदवताच येणार नाही.

निर्यातीत खरेदीदाराला जीएसटीआयएन नसतो. तिथे ‘यूआरपी’ (नोंदणी नसलेली व्यक्ती), राज्य कोड ९६ आणि पिनकोड ९९९९९९ भरायचा.

हमाली, पॅकिंग, भाडं बिलाच्या तळाशी जोडायची आपल्या बाजारात जुनी सवय आहे. आयएनव्ही-०१ मध्ये ‘इतर आकार’ असा रकाना दिसतो आणि नवा माणूस हे सगळं तिथे टाकतो. पण त्या रकान्यावर कर धरला जात नाही. मालासोबत आकारलेलं पॅकिंग आणि भाडं करपात्र असतं, म्हणून ते मालाच्या करपात्र मूल्यात वाटून घ्या किंवा स्वतंत्र ओळ करून त्यावर कर लावा. कोणती पद्धत वापरायची हे ग्राहकाच्या सीएंना विचारून एकदाच ठरवा आणि सगळ्या बिलांना तीच ठेवा.

रकमा दोन दशांशांपर्यंत, प्रमाण तीन दशांशांपर्यंत. ओळींच्या बेरजा आणि एकूण रक्कम जुळते का हे पोर्टल पाहतं, सूट फार तर रुपयाची मिळते. तरंगत्या दशांशाचा डेटा प्रकार पैशांसाठी वापरू नका. आकडेमोड दशांश प्रकारात करा, प्रत्येक ओळीवर पैशापर्यंत पूर्णांक करा, मग बेरीज घ्या. शेवटी रुपयात केलेली गोळाबेरीज ‘राउंड ऑफ’च्या रकान्यात दाखवा. एका बिलात एक हजार ओळींपर्यंत चालतं, ही मर्यादा सहसा आड येत नाही.

चौथी पायरी: पोर्टलपर्यंतचा रस्ता

तीन रस्ते आहेत. पहिला, सॉफ्टवेअरने जेसॉन फाईल काढायची आणि ती कुणीतरी पोर्टलवर हाताने चढवायची. महिन्याला वीस-पंचवीस बिलं असतील तर हा रस्ता पुरतो आणि सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. आपले रकाने पोर्टलच्या रकान्यांशी बरोबर जुळले की नाही ते पोर्टल लगेच सांगतं, आणि कूटबद्धीकरणाची (एन्क्रिप्शनची) डोकेदुखी त्या वेळी मध्ये नसते.

दुसरा, थेट एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरनेच पोर्टलशी बोलायचं. त्याला भारतातला स्थिर आयपी पत्ता आणि बाकीच्या अटी लागतात. तिसरा, जीएसटी सुविधा प्रोव्हायडर, म्हणजे जीएसपीमार्फत. सोलापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर फर्मला, जिचे ग्राहक अनेक आणि प्रत्येकाचा संगणक आपापल्या दुकानात, तिसराच सोयीचा पडतो. ग्राहकाने ई-इन्व्हॉइस पोर्टलवर स्वतः लॉगिन करून एपीआय वापरकर्ता तयार करायचा आणि तुमचा जीएसपी निवडायचा. प्रत्येक जीएसटीआयएनसाठी हे वेगळं करावं लागतं. वेबचा पासवर्ड आणि एपीआयचा पासवर्ड वेगळे असतात. ग्राहकाचा वेबचा पासवर्ड तुम्ही मागू नका, त्याने दिला तरी साठवू नका.

पाचवी पायरी: जोडणी

चाचणीसाठी एनआयसीचं (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) सँडबॉक्स, म्हणजे सरावाचं पोर्टल, आहे, सगळं आधी तिथे. थेट जोडणीचा क्रम असा: आपण ३२ बाइटची एक चावी बनवायची, पोर्टलच्या सार्वजनिक चावीने ती लपेटून लॉगिनसोबत पाठवायची. उत्तरात टोकन येतं आणि सत्राची चावीही येते. ती आपल्या चावीने उघडायची आणि पुढचं प्रत्येक बिल त्या सत्राच्या चावीने एईएस-२५६ पद्धतीने कूटबद्ध करून पाठवायचं. टोकन सहा तास चालतं. प्रत्येक बिलाला नवं टोकन मागू नका. एकदा घेतलेलं साठवा आणि संपलं की नवं घ्या. जीएसपीमार्फत गेलात, तर यातलं बरंच काम त्यांच्याकडे होतं.

सहावी पायरी: बिलाच्या अवस्था

इथे घाई करू नका. साध्या सॉफ्टवेअरमध्ये बिल ‘सेव्ह’ झालं की संपलं. ई-इन्व्हॉइसमध्ये त्याच्या निदान सहा अवस्था लागतात: मसुदा, पाठवलं, अनिश्चित, नोंदलं, नाकारलं, रद्द.

महत्त्वाची अवस्था ‘अनिश्चित’. तुम्ही बिल पाठवलं, पोर्टलने नोंदवलं, आयआरएन बनला, आणि उत्तर परत येताना तुमचं नेट गेलं. सॉफ्टवेअरला वाटतं, झालंच नाही. दिवाणजी पुन्हा बटण दाबतो आणि २१५० क्रमांकाची चूक येते: हा आयआरएन आधीच आहे. घाबरून तो बिलाचा नंबर बदलून तिसऱ्यांदा पाठवतो. आता एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी नोंदली गेली आणि पार्टीच्या नावावर दुप्पट विक्री दिसायला लागली.

हे टाळायचं तर पाठवण्याच्या आधी बिल ‘पाठवलं’ अशा अवस्थेत डेटाबेसमध्ये पक्कं लिहा आणि त्या क्षणापासून नंबर, पार्टी, रक्कम बदलायला कुलूप लावा. उत्तर आलं नाही तर ‘अनिश्चित’. मग आंधळेपणाने पुन्हा पाठवण्याऐवजी दस्तऐवजाचा प्रकार, नंबर आणि तारीख देऊन आधी विचारा, की याचा आयआरएन आहे का. आणि २१५० आलाच, तर ती चूक म्हणून लाल रंगात दाखवू नका. त्या उत्तरातच आधीचा आयआरएन आणि पोचपावती क्रमांक येतो. तो घेऊन, सही केलेली प्रत मागवून, रक्कम आपल्याशी जुळते का ते पाहून बिल ‘नोंदलं’ करा.

‘नाकारलं’ झालेल्या बिलाला तोच नंबर पुन्हा वापरता येतो, कारण आयआरएन बनलेलाच नसतो. दुरुस्त करा, पाठवा. चुकांचे संदेश मात्र पोर्टलच्या इंग्रजीत जसेच्या तसे दाखवू नका. ३०२८ आला तर ‘या पार्टीचा जीएसटी नंबर ई-इन्व्हॉइस प्रणालीत सापडत नाही, नंबर तपासा’ असं लिहा. ३०२९ आला तर ‘पार्टीची नोंदणी चालू नाही, मालकांना विचारा’. २१७२ आला तर ‘राज्यातल्या राज्यात आयजीएसटी लागला आहे’. ज्याला संदेश वाचायचा आहे तो संध्याकाळी साडेसहाला हुंडेकऱ्याचा फोन कानाला लावून बसलेला असतो. त्याला मराठीत, आणि पुढे काय करायचं ते, एका ओळीत कळलं पाहिजे.

उत्तर मिळाल्यावर आयआरएन, पोचपावती क्रमांक, तिची तारीख-वेळ, सही केलेलं बिल आणि सही केलेल्या क्यूआरचा मजकूर, सगळं स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. रोजच्या बॅकअपमध्ये हा तक्ता येतो ना, ते पाहा.

सातवी पायरी: छपाई

क्यूआर कोड छापणं आवश्यक आहे. त्यात दोन्ही जीएसटीआयएन, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन, आयआरएन आणि त्याची तारीख असते. मजकूर मोठा असल्याने कोड दाट बनतो. दोन इंच बाय दोन इंचांपेक्षा लहान छापू नका. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तो वाचला जात नाही. ज्यांचं बिल अजून तीन प्रतींच्या सलग कागदावर निघतं, त्यांना लेझर प्रिंटर लागेल हे काम सुरू करतानाच सांगा. छापून झालं की सरकारच्या पडताळणी ॲपने स्कॅन करून बघा. मोबाईलवरचा साधा स्कॅनर फक्त अक्षरांची लांब साखळी दाखवतो, सही खरी आहे का ते सांगत नाही.

आठवी पायरी: रद्द करणं, माल परत, ई-वे बिल

आयआरएन बनल्यापासून २४ तासांत रद्द करता येतो. पूर्ण बिल रद्द होतं, एखादी ओळ नाही. रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्या बिलावर ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठीचं ऑनलाइन कागदपत्र) चालू असेल, तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट, आणि तिचाही आयआरएन. कापडाच्या धंद्यात माल परत येणं नेहमीचं आहे, म्हणून क्रेडिट नोटेचा पडदा बिलाइतक्याच काळजीने करा. मूळ बिल निवडलं की ओळी, दर आणि पार्टी आपोआप भरली गेली पाहिजे.

वार्षिक उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांच्या आत नोंद करावी लागते. त्यानंतर पोर्टल ते घेतच नाही. क्रेडिट आणि डेबिट नोटांनाही हेच लागू आहे. सॉफ्टवेअर उघडताच ‘न नोंदलेली बिलं’ समोर दिसतील, सर्वांत जुनं वर, अशी यादी पहिल्या पडद्यावर ठेवा.

ई-वे बिल आयआरएनसोबत एकाच विनंतीत काढता येतं. गाडीचा नंबर आणि अंतर माहीत असेल तर तसं करा, नसेल तर आयआरएन आधी घ्या आणि ई-वे बिल नंतर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची, परराज्यात ५० हजारांची. जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत हलणाऱ्या सूत-कापडाला राज्यात सूट आहे. तेव्हा कारखान्यातून मागावर जाणाऱ्या प्रत्येक चलनाला ई-वे बिलाची सक्ती करू नका.

चालू करताना

महिन्याच्या अखेरीला चालू करू नका, आणि दिवाळीच्या आधीच्या गर्दीत तर नकोच. पहिले काही दिवस जेसॉन फाईलच्या रस्त्याने खरी बिलं नोंदवा आणि नाकारलेल्या प्रत्येक बिलाचं कारण लिहून ठेवा. तुमच्या ग्राहकाच्या मास्टरमध्ये काय बिघडलं आहे याची ती नेमकी यादी होते. ती संपली की एपीआय चालू करा. पहिल्या दिवशी दुकानात जाऊन बसा आणि एका बिलाच्या वेळी, पाठवल्याबरोबर, नेटची वायर स्वतः काढा. बिल ‘अनिश्चित’मध्ये गेलं, वायर लावल्यावर आपोआप ‘नोंदलं’ झालं आणि नंबर एकच राहिला, तर जोडणी जमली.

मार्च संपताना एकदा परत जा. ३१ मार्चची बिलं १ एप्रिलला नोंदवली जातात, तेव्हा आर्थिक वर्ष बिलाच्या तारखेवरून धरलं जातंय की संगणकाच्या घड्याळावरून, ते तपासा. नव्या वर्षाची मालिका १ पासून सुरू करायची असेल, तर जुन्या वर्षाची सगळी ‘अनिश्चित’ आणि ‘नाकारलं’ बिलं आधी निकाली काढा.